निघायची पिशवी आणि कोयता

मे महिना सरत आला की ठाणे महापालिकेची धोकादायक इमारतींची यादी येते. यादीत चार वर्ग. सी-वन म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-टू-ए रिकामी करून दुरुस्त करायची, सी-टू-बी माणसं आत राहत असताना दुरुस्त होण्यासारखी, आणि सी-थ्री किरकोळ डागडुजीची. वागळे इस्टेटमध्ये ही अक्षरं शाळकरी पोरांनाही पाठ असतात. कुणाच्या जिन्यात नोटीस चिकटली, कुणाचं नळजोडणीचं पाणी बंद झालं, याची चर्चा किसननगरच्या टपऱ्यांवर पहिल्या पावसाच्या आधीच सुरू होते. साईराज इमारत कोसळली त्या दिवसाची आठवण इथल्या जुन्या माणसांच्या मनातून गेलेली नाही.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झालं आणि त्याची पहिली वसाहत ही आमची वागळे इस्टेट. कारखान्यांमागोमाग माणसं आली. साताऱ्याकडची, कोकणातली, पुढे उत्तरेकडची. यंत्रांसाठी आखीव प्लॉट होते, माणसांसाठी नव्हते. ती येऊरच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत मिळेल तिथे वसली. आधी चाळी, मग चाळींच्या जागी चार-चार मजल्यांच्या, एकमेकींना खेटलेल्या इमारती. पायात किती लोखंड पडलं, ते ठेकेदारालाच ठाऊक. पुढे कारखाने गेले, त्यांच्या जागी काचेची ऑफिसं आणि आयटी पार्क आले, पासपोर्टचं कार्यालय आलं. राहायच्या इमारती मात्र बहुतेक त्याच राहिल्या. क्लस्टर योजनेचं, म्हणजे सामूहिक पुनर्विकासाचं, काम किसननगरात सुरू झालं आहे, पण योजना पुरी होईपर्यंत पावसाळे थांबत नाहीत.

म्हणून आमच्याकडे पुष्कळ घरांत दारामागच्या खिळ्याला एक पिशवी टांगलेली असते. आधार आणि रेशनकार्डाच्या झेरॉक्स, घराचे कागद, पोरांचे दाखले, रक्तदाबाच्या गोळ्या, थोडी रोकड, टॉर्च, चार्जर, पाण्याची बाटली, बिस्किटांचे पुडे, एक चादर. सगळं दुधाच्या पिशव्यांत नाहीतर जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. मंगळसूत्र अंगावर असतं. बाकी सोनं असलंच तर बँकेत किंवा गावी. या पिशवीला कुणी भारदस्त नाव दिलेलं नाही. आमच्या घरात ती ‘निघायची पिशवी’.

२०२५च्या मे महिन्यात या पिशवीला एकाएकी प्रतिष्ठा आली. सीमेवर तणाव होता. ७ मे रोजी देशभर नागरी संरक्षणाचे सराव झाले, भोंगे वाजले, घरात टॉर्च, मेणबत्त्या, औषधं आणि रोख पैसे तयार ठेवा अशा सूचना आल्या. मी लहान असताना, १९७१मध्ये, आमच्या घराच्या काचांना काळे कागद चिकटवले होते, ते आठवलं. सोसायटीच्या मोबाइलवरच्या गटात एकाहून एक लांब याद्या फिरू लागल्या, आणि त्यात खालच्या मजल्यावरच्या एका तरुणानं लिहिलं, “सगळं ठीक आहे काका, पण प्रत्येक पिशवीत एक कोयता हवा. रात्री-बेरात्री बायकामुलांना घेऊन बाहेर पडायचं, हाताशी काहीतरी नको?”

गटावर नुसते अंगठे उमटले. कुणी हसलं नाही, मीही नाही. हा मुलगा दांडगाई करणारा नाही. जिथे कधीकाळी आमच्या कारखान्याचं गेट होतं, त्याच रस्त्यावरच्या ऑफिसात तो काम करतो. घरात दोन वर्षांची मुलगी. त्याचा प्रश्न पोकळ नव्हता, आणि ‘असं बोलू नये’ म्हणून तो मिटणाराही नव्हता. तेव्हापासून मी त्याच्यावर विचार करतो आहे.

त्याला नेमकं कशाचं भय वाटतं? इमारत पडण्याचं वाटतंच, पण त्याला कोयता काय करणार! कोयत्याचा विचार येतो तो माणसांच्या भयातून. रिकाम्या घरात चोर शिरतील, अंधाऱ्या रस्त्यावर कुणी आडवं येईल, निवाऱ्यासाठी उघडलेल्या शाळेच्या हॉलमध्ये शेजारी कोण झोपलेलं असेल सांगता येत नाही. यातलं काहीही अशक्य नाही. किल्लारीच्या भूकंपानंतर, ३० सप्टेंबर १९९३च्या त्या पहाटेनंतर, बघ्यांच्या गर्दीनं मदतीच्या गाड्यांची वाट अडली होती आणि ढिगाऱ्यातून चीजवस्तू गेल्याच्या बातम्याही होत्या. माणूस संकटात देव होतो असं मी म्हणणार नाही. पुरात सोडलेल्या घराचं कुलूप तुटलेलं मी पाहिलं आहे.

आधी कायद्याचं उरकतो, कारण ते सगळ्यात सोपं आहे आणि नेमकं तेच कुणाला ठाऊक नसतं. बंदुकीचा प्रश्न आमच्यासारख्यांना येतच नाही. १९५९च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो आणि तो पावसाच्या भीतीनं मिळत नाही. धारदार शस्त्रांबाबत २०१६च्या शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचा उल्लेख आहे, पण घरगुती, शेतीच्या किंवा कारखान्याच्या कामासाठी बनवलेली पाती त्यातून वगळली आहेत. तेव्हा ओट्याखालची विळी आणि गावाकडून आणलेला कोयता घरात असणं हा गुन्हा नाही. पण ठाण्याच्या पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७खाली मनाई आदेश वरचेवर निघतात. त्यांत तलवारी, भाले, सुरे, सोटे, काठ्या बाळगून सार्वजनिक जागी फिरायला बंदी असते. सण, मोर्चे, निवडणूक, तणाव अशा काळात हे आदेश हमखास लागू असतात, म्हणजे नेमके लोक घाबरलेले असतात तेव्हाच. स्वसंरक्षणाचा हक्क आहे. आता तो भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे. पण बचावाला लागेल तेवढीच इजा, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर तोही हक्क नाही, अशा त्याच्या मर्यादा आहेत. पिशवीत आधीपासून घालून ठेवलेला कोयता कोर्टात ‘ऐनवेळी हाताला लागला’ असा सांगता येत नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी मला त्या कोयत्याबद्दल एका वेगळ्या कारणानं बोलायचं आहे. धार लावणं हा माझा धंदा होता. ठाण्याच्या आयटीआयमधून टर्नर होऊन मी टूलरूममध्ये लागलो आणि बरीचशी नोकरी कटर ग्राइंडरवर केली. धारेच्या वस्तूबद्दल पहिला धडा असा मिळतो की ती कुठे ठेवायची हे ती कशी वापरायची याच्या आधी ठरवावं लागतं. टूलरूममध्ये प्रत्येक कटरला खाचा असलेली लाकडी पेटी असते. ड्रॉवरमध्ये सुटा टाकलेला कटर बोट कापतो, आणि तेही त्याचं, ज्याला तो तिथे असल्याचं माहीत नसतं. आता अंधारात, वीज गेलेल्या जिन्यावरून, खांद्यावर पोर आणि हातात पिशवी घेऊन उतरणारा माणूस डोळ्यांपुढे आणा. पिशवीत चादरीखाली कोयता आहे. बिस्किटाचा पुडा काढायला त्यात हात घालणार आहे ती दोन वर्षांची मुलगी. ज्या चोरावर हा कोयता उगारायचा, तो येण्याआधी पुष्कळ हात त्या पिशवीत जाऊन येतील.

खंडेनवमीला आम्ही पाने, मायक्रोमीटर, हातोडे पाटावर मांडून पूजा करायचो. त्याच हत्यारांच्या साह्यानं दुसरं काय घडू शकतं, ते मी डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३मध्ये पाहिलं. मुंबईत त्या दोन महिन्यांतल्या दंगलींत नऊशे माणसं मेली, हा श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालातला आकडा आहे. ठाण्यात तेवढं पेटलं नाही, पण अफवा रोज संध्याकाळच्या लोकलनं येत होत्या. गच्च्यांवर विटांचे तुकडे आणि सोड्याच्या बाटल्या चढल्या. गल्लीगल्लीत गस्त सुरू झाली. आणि इस्टेटमधल्या छोट्या वर्कशॉपांत, मालक घरी गेल्यावर, ट्रकच्या कमानपाट्यांना धार लागू लागली. आमच्याकडेही माणसं आली. आमचा फोरमन मितभाषी होता. त्यानं वाद घातला नाही. संध्याकाळी ग्राइंडरचा फ्यूज काढून डब्यात घातला आणि डबा घेऊन घरी गेला. पुढचे कितीतरी दिवस तो हेच करत राहिला.

आमच्या गल्लीवर कुणी चालून आलं नाही. पण दुसऱ्या वर्कशॉपांत तयार झालेली ती पाती कुठेच परत गेली नाहीत. पोटमाळ्यावर, पाण्याच्या टाकीमागे, पलंगाखाली राहिली. पुढच्या उन्हाळ्यात सार्वजनिक नळावर पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं आणि त्यातलं एक पातं बाहेर आलं. एका माणसाची दोन बोटं गेली. दोघंही एकाच गल्लीतले, एकाच गणपतीचे वर्गणीदार. दंगलीच्या रात्री हे दोघे एकाच गस्तीत जागले होते.

शेजारच्या भिवंडीत त्या वेळी जे घडलं ते याच्या अगदी उलट. भिवंडी १९७०मध्ये आणि १९८४मध्ये जळली होती. ९२-९३मध्ये सगळ्यांचं लक्ष तिच्याकडेच होतं, आणि ती शांत राहिली. १९८८पासून तिथे पोलीस उपायुक्त असलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या होत्या. हिंदू-मुस्लीम दोन्हीकडच्या सामान्य माणसांना एकत्र बसवून वीज, पाणी, कचरा, भांडणं असे प्रश्न तिथे बोलले जायचे. पोरकट वाटावं इतकं साधं काम. पण अफवा आली की ती खरी का खोटी हे विचारायला पलीकडच्या गल्लीत ओळखीचा माणूस तयार होता. त्या हिवाळ्यात हजार कोयत्यांनी झालं नसतं ते काम या ओळखीनं केलं.

अफवेबद्दल इतकं बोलतो आहे कारण घरातून निघायची वेळ आणि अफवा एकाच वेळी येतात. १ सप्टेंबर १९२३ला जपानमध्ये कांतोचा महाभूकंप झाला, तोक्यो आणि योकोहामा जळाली. कोरियन लोक विहिरींत विष टाकताहेत, आगी लावताहेत अशी आवई उठली. गल्लीगल्लीत ‘स्वसंरक्षण’ पथकं उभी राहिली आणि त्यांनी हजारो कोरियन माणसं मारली. हातात तलवारी होत्या, बांबूचे भाले होते, आणि आग विझवताना जळकी लाकडं ओढायच्या लोखंडी आकड्याही होत्या. मला ते शेवटचं विसरता येत नाही. आगीपासून माणसं वाचवायचं अवजार, त्याच आठवड्यात, त्याच शहरात, माणूस मारायला वापरलं गेलं.

लांब जायला नको. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पोरं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच जणांना ठार केलं. ते मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी होते, भिक्षेवर जगणारे. १६ एप्रिल २०२०ला, टाळेबंदीत, पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले. तिथेही चोर येणार अशी अफवा होती आणि त्या भागातली गावं रात्री जागत होती. या दोन्ही ठिकाणच्या माणसांना विचारलं असतं तर त्यांनी आमच्या तरुणासारखंच उत्तर दिलं असतं, की हाताशी काहीतरी नको? आणि हातात काही नसतानाही नुसती आवई किती पुरेशी असते, ते २८ जुलै २००५ला जुहूच्या नेहरूनगरात दिसलं. महापुराला दोन दिवस झाले होते, धरण फुटलं की समुद्र आला अशी बोंब उठली, लोक पळत सुटले आणि चेंगराचेंगरीत माणसं मेली. त्या धावपळीत प्रत्येकाच्या पिशवीत कोयता असता तर? पुढचं लिहायची गरज नाही.

आपत्तीत माणसं कशी वागतात याचा अभ्यास करण्यासाठी अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात १९६३ साली एक केंद्र निघालं. एन्रिको क्वारंटेली हे त्याच्या संस्थापकांपैकी एक. पुढची कित्येक दशकं पूर, भूकंप, स्फोट तपासून या अभ्यासकांनी जे सांगितलं ते चित्रपटवाल्यांना आवडण्यासारखं नाही: नैसर्गिक आपत्तीत सैरावैरा पळापळ आणि लूटमार लोक समजतात त्यापेक्षा पुष्कळ कमी होते, आणि पहिली मदत बहुतेकदा शेजारीच करतात. लूटमारीच्या भीतीनं मात्र खरंच बळी घेतले आहेत. कतरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्समध्ये ४ सप्टेंबर २००५ला डॅन्झिगर पुलावर पोलिसांनी पूल ओलांडणाऱ्या निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या. दोघं मेली, चौघं जखमी झाली. शहर लुटारूंनी भरलंय अशी त्या वेळी सगळीकडे हवा होती.

मी हे अभ्यासकांच्या भरवशावर मानलं नसतं, पण आमच्या भागात तेच पाहिलं आहे. २७ जुलै २०१९ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे उल्हासच्या पाण्यात अडकली. हजाराहून जास्त प्रवासी, त्यात गरोदर बायका, लहान पोरं. रात्रीपासून दुपारपर्यंत गाडी पाण्यात. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल, हेलिकॉप्टर सगळे आले, पण तोवर आजूबाजूच्या गावांतली माणसं पाण्यात उतरली होती. त्या प्रवाशांच्या सामानात काय हवं होतं? पिण्याचं पाणी, चार्ज असलेला फोन, औषध. आणि कुणा अनोळखी माणसानं पुढे केलेला हात धरायची तयारी. डोंबिवलीच्या एमआयडीसीत २६ मे २०१६ला आणि पुन्हा २३ मे २०२४ला रासायनिक कारखान्यांत स्फोट झाले, तेव्हा आसपासच्या घरांच्या काचा अंगावर आल्या. तिथे पायात चप्पल असणं हीच मोठी तयारी ठरली असती.

आमच्या शेजारची इमारत एका जुलैच्या रात्री कुरकुरली. कुरकुरली हाच शब्द. आधी प्लॅस्टरची माती पडली, मग खालच्या घरातलं दार चौकटीत अडकून बसलं. दोन्ही इमारती रिकाम्या झाल्या आणि आम्ही पालिकेच्या शाळेत गेलो. त्या शाळेतल्या रात्री मला फार काही शिकवून गेल्या असं नाही. तिथे मुख्यतः डास होते आणि संडासापुढची रांग होती. पण एक प्रसंग घडला. एका कुटुंबाच्या पिशवीतून टॉवेल ओढताना मोठा सुरा खडखडत फरशीवर पडला. मालक ओशाळून म्हणाला, “चोरांसाठी ठेवलाय हो.” कुणी काही बोललं नाही. पण दिवे मालवायच्या आधी त्यांच्या दोन्ही बाजूंच्या चटया सरकल्या. एक वहिनी आपल्या मुलीला घेऊन दुसऱ्या वर्गात गेल्या. तो माणूस वाईट नव्हता. त्यानं सुरा अनोळखी लोकांच्या भीतीनं घेतला होता, आणि त्या हॉलमध्ये रात्रभर सगळे त्यालाच भ्याले. दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोला आपली पिशवी सांभाळायला सांगायला कुणी मिळेना. ती एकटी सामानापाशी बसून राहिली.

या सगळ्यावर आमच्या तरुणाचं एक चांगलं उत्तर होतं. तो म्हणाला, “काका, तुम्ही पुरुष आहात आणि गल्ली तुमच्या ओळखीची आहे. माझ्या बायकोला रात्री दोन वाजता परक्या शाळेत झोपायचं आहे.” हे खरं आहे. निवारा केंद्रात बायकांना काय सोसावं लागतं ते पुरुष लिहीत नाहीत. तिथे मी उपदेश करणार नाही. मिरचीचा स्प्रे कुणा बाईला जवळ ठेवायचा असेल तर ठेवावा. त्याला परवाना लागत नाही आणि त्यानं सहसा कुणाचा जीव जात नाही. पण त्याच्याही आधी शिट्टी. गळ्यात अडकवलेली, दहा-वीस रुपयांची. ढिगाऱ्याखालच्या माणसाचा आवाज बसतो, शिट्टीचा बसत नाही. आणि अंधाऱ्या व्हरांड्यात ती वाजली की पन्नास माणसं उठून बसतात. बायकांचा वर्ग वेगळा, त्यात रात्रभर एक दिवा, संडासाकडे जाताना दोघी-तिघी मिळून, हे ठरवायला कुठलंही साहित्य लागत नाही. आमच्या त्या शाळेत हे दुसऱ्या रात्री बायकांनीच ठरवलं.

आता सुरीचं. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या भूकंपाच्या सूचनांत घरात तयार ठेवायच्या सामानाची यादी आहे. टॉर्च, जादा सेल, रेडिओ, प्रथमोपचार, कोरडा शिधा, पाणी, क्लोरीनच्या गोळ्या, जाड दोर, मजबूत बूट, आणि सुरीही. डबा उघडायच्या यंत्राच्या पंक्तीला. हे मला पूर्ण पटतं. दोर कापायला, जखमेवरचा कपडा फाडायला, बिस्किटांचा सीलबंद डबा फोडायला पातं लागतंच. कांदा चिरायची चार बोटांची सुरी, जाड पुठ्ठ्याच्या म्यानात, दोऱ्यानं बांधून, पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात. पोराच्या हाताला लागू नये आणि मोठ्याला शोधावी लागू नये. त्याहून मोठं पोलादी सामान, म्हणजे पहार, जॅक, हॅक्सॉ, बोल्ट कापायची कातर, हे एकेका घरात नव्हे तर इमारतीच्या तळमजल्यावर, वॉचमनच्या खोलीत हवं. अडकलेलं दार उघडतं ते पहारीनं. आमच्या इस्टेटमध्ये हे सामान मिळणार नाही तर कुठे मिळणार?

मधेच एक आठवलं म्हणून सांगतो. २० फेब्रुवारी २०१९ला पहाटे इथल्या कोरम मॉलच्या पार्किंगमध्ये बिबट्या शिरला. येऊरचं जंगल उशाला असल्यावर असं होणारच. बातमी फुटली तशी गर्दी जमली. वनखात्याच्या माणसांनी शेवटी जवळच्या एका हॉटेलच्या तळघरात त्याला भूल दिली. बिबट्याच्या बाबतीत वनखातं वर्षानुवर्षं एकच सांगत आलं आहे, की घेरू नका, त्याची वाट मोकळी सोडा. घाबरलेल्या माणसाच्या बाबतीत हे कुणी सांगत नाही.

राहिला चोर. तो येऊ शकतो. पण चोर येतो ते रिकाम्या घरात, आणि कोयता तर तुमच्याबरोबर शाळेत गेलेला असतो! घर रिकामं असताना उपयोगी पडतं ते साधं: कागदांचे फोटो दूरच्या नातेवाइकाच्या फोनमध्ये, सोनं आधीच हलवलेलं, कुलूप लावल्यावर दाराचा फोटो, आणि इमारतीतल्या चार-पाच जणांची पाळी लावून गल्लीच्या तोंडाशी, पडणाऱ्या भिंतीपासून लांब, पोलिसांना सांगून उभं राहणं. हातात टॉर्च आणि शिट्टी. ९२-९३च्या गस्तीतलं जागरण मला आजही योग्यच वाटतं. त्या गस्तीच्या हातात जे होतं ते अयोग्य होतं.

आमच्या तरुणाला मी हे सगळं सांगितलं. तो पुरता पटला असं म्हणवत नाही. कोयता पिशवीत घातला नाही, एवढं त्याच्या बायकोनं सांगितलं. तो घरात कुठे आहे, ते मी विचारलं नाही. त्याच्या मुलीच्या गळ्यात शिट्टी आहे आणि ती दिवसभर वाजवून तिनं सगळ्या मजल्याला वैताग आणला आहे.

माझं मत मात्र पक्कं आहे. निघायच्या पिशवीत शस्त्र नको. सुरी हवी, कामाची हवी, आणि सगळ्यांना माहीत हवी. ज्यांना इमारतीची खरोखर भीती वाटते त्यांनी पिशवीच्याही आधी एक गोष्ट करावी. तीस वर्षांहून जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. महापालिका अधिनियमाचं कलम २६५-क तेच सांगतं. तुमच्या इमारतीचं ऑडिट कधी झालं, अहवाल कुणाकडे आहे, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना खाली कोण आणणार, हे तीन प्रश्न येत्या रविवारी सोसायटीच्या बैठकीत विचारा. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा क्रमांक १०७७ आहे आणि पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका यांसाठी ११२. दोन्ही जिन्यात मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.